जिवंत माणसाचं नाव

शनिवार, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. स्टॉर्नोवे बंदराच्या मागच्या गल्लीतल्या बेकरीत मर्डिना मॅकॲस्किल एका केकवर निळ्या आयसिंगने 'फिनली' लिहीत होती. शेजारच्या टेबलावर दुसरा केक तयार होता, पांढरा आणि कोरा. तो तिच्या स्वतःच्या नातीचा. बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी होता आणि नावाचा पत्ता नव्हता.

"उद्या पोरीला हाक काय मारायची? अगं केक?" ओव्हनमधून पावाचे ट्रे ओढता ओढता पेगी-ॲन म्हणाली. दोघींनी याच बेकरीत केस पांढरे केले होते, त्यामुळे पेगी-ॲन बोलायची थांबत नसे आणि मर्डिना मनावर घेत नसे.

"तू पाव बघ. करपतायत."

या लुईस बेटावर कोणत्या नावांची चलती आहे, हे मर्डिनाला पाळकांच्याही आधी कळतं. बाप्तिस्म्याचा केक तिच्याच हातून जातो. ती कामाला लागली तेव्हा सगळे डोनाल्ड आणि मर्डो, सगळ्या कॅटरिओना आणि मरियन. आता इस्ला, हार्पर. मागच्या हिवाळ्यात एक 'स्टॉर्म' झाला. "इथे वादळं कमी पडली म्हणून घरी मागवलंय का?" असं पेगी-ॲन म्हणाली होती. मर्डिनाने मात्र ते नावही तितक्याच काळजीने लिहिलं. एकच नाव तिने आजवर कुठल्याही केकवर लिहिलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं. कुणी मागितलंच नव्हतं.

बेटाची रीत अशी की घरातला माणूस गेला की त्याचं नाव पुढच्या बाळाला द्यायचं. मुलगा झाला तर प्रश्नच नाही. मुलगी झाली तर त्याच नावाला 'ईना'चं शेपूट जोडायचं. केनेथची केनेथिना, डोनाल्डची डोनाल्डिना. मर्डिनाच्या वडिलांचा धाकटा भाऊ मर्डो कॅनडात लाकूडतोडीला गेला होता. तिकडून परतलेल्या कुणीतरी सांगितलं, तुमचा मर्डो नदीत वाहून गेला. घरात रडारड झाली, पुढच्या वसंतात मुलगी झाली, तिला मर्डोचं नाव लागलं.

वाहून गेला होता तो शेजारच्या गावचा मर्डो. नाव एकच, आडनावही एकच.

मर्डिना नऊ वर्षांची असताना एक उंच माणूस पेटी घेऊन दारात उभा राहिला.

"ही कुणाची पोर?" त्याने विचारलं.

"माझी. मर्डिना," वडील कसेबसे म्हणाले. "तुझंच नाव ठेवलं."

"माझं? म्हणजे मी मेलो की काय?"

"हो. होऊन गेली दहा वर्षं."

काका पेटीवर बसून हसला. मग म्हणाला, "मला विचारलं असतंत तर दिलं असतं. न विचारता घेतलंत, एवढंच." पुढे तो मरेपर्यंत शेजारच्याच घरात राहिला. कुणी 'मर्डो' म्हणून हाक मारली की मर्डिनाकडे बघून ओरडायचा, "तू जातेस की मी जाऊ?"

एकोणिसाव्या वर्षी मर्डिना ग्लासगोला एका हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरीला लागली. मॅनेजरने नाव ऐकलं आणि म्हणाला, "मर्डिना? मर्डर ऐकल्यासारखं वाटतं. पाहुण्यांना झोप लागायची नाही." दुसऱ्या दिवशी तिच्या छातीवर पाटी आली, 'मेरी'. ती दोन वर्षं मेरी होती. काकाने 'मर्डिना' नावाने पाठवलेलं पत्र 'या नावाचं इथे कुणी नाही' असा शेरा घेऊन परत गेलं. त्यानंतर ती बेटावर आली ती आलीच. पाटीची गोष्ट तिने घरात कुणाला सांगितली नाही.

काल रात्री घरी भांडण झालं ते याच नावावरून. तिचा मुलगा रूरी शाळेत शिकवतो. त्याची बायको बेथनी इंग्लंडमधल्या लीड्सची. जेवताना दोघांनी जाहीर केलं, मुलीचं नाव मर्डिना.

"आई, माझ्या वर्गात चार इस्ला आहेत," रूरी म्हणाला. "मर्डिना एकही नाही."

"एकटी असली की हसायलाही तीच सापडते. एमिली ठेवा."

"अगं, जुनं नाव आहे आपलं."

"जुनं नाव मेलेल्याचं ठेवतात. मी अजून भांडी घासतेय." असं म्हणून ती खरंच भांडी घासायला उठली आणि पुडिंग तसंच राहिलं.

साडेनऊच्या सुमारास बेकरीत पावाची रांग असताना बेथनी बाळाची गाडी ढकलत आली. एकटीच.

"रूरी कुठाय?" मर्डिनाने विचारलं.

"बाहेर मोटारीत बसवून ठेवलाय. तो बोलायला लागला की बिघडतं."

रांगेतून कुणीतरी हसलं. मर्डिनाने तिला मागच्या खोलीत, कोऱ्या केकपाशी नेलं.

"मर्डिना, काल आमचं चुकलं," बेथनी म्हणाली. "आम्ही ठरवून सांगितलं, तुम्हाला विचारलं नाही. आता विचारतेय. तुमचं नाव द्याल का? नाही म्हणालात तर एमिली. मी तोंड वाकडं करणार नाही."

मर्डिनाने एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "हे नाव कशाला हवंय तुला? वेगळं आहे म्हणून?"

"माझं नाव आईला कानाला गोड लागलं म्हणून ठेवलं. त्यामागे माणूस कुणी नाही. हिच्या नावामागे कुणीतरी हवं."

"आहे की, मर्डोकाका."

"त्यांना मी पाहिलं नाही. तुम्हाला पाहिलंय."

तेव्हा मर्डिनाने तिला मेरीची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत, मॅनेजरच्या नावासकट.

"हिला कुणी अशी पाटी लावली तर काय करशील?"

"तुम्हाला घेऊन तिथे जाईन."

"हातात केक घेऊन जा," पिठाच्या पोत्यामागून पेगी-ॲनचा आवाज आला. "क्रीमचा. नेम चांगला लागतो."

मर्डिना हसली, पण आवाज कामाचाच होता. "दोन अटी. नावाचे तुकडे करायचे नाहीत. डीना नाही, मर्डी नाही. आणि सोळा वर्षांची झाल्यावर तिला बदलावंसं वाटलं तर बदलू द्यायचं. कुणी रुसायचं नाही. मीसुद्धा नाही."

"कबूल. दोन्ही."

तिने आयसिंगचा कोन भरला. पहिलं अक्षर फारच मोठं झालं. पुढची मावली नसती. तिने ते सुरीने खरवडून काढलं.

"स्वतःचंच नाव चुकलीस?" पेगी-ॲन म्हणाली.

"सवय नाही."

दुसऱ्या वेळी नाव नीट बसलं. बेथनीने बाळाला उचलून केक दाखवला. बाळाने जांभई दिली. मर्डिनाने खोक्याला दोरी बांधली, मोटारीतल्या रूरीला 'सपाट धर' असं बजावलं आणि परत पावाच्या रांगेकडे गेली.

उद्या रविवार, बेकरी बंद. बारा वाजता चर्च. ओव्हन सोमवारी पहाटे चारला पेटेल.