पन्हळीचं खालचं टोक

"आक्का, अजून थोडं खाली वाका. ओंजळ फोटोत दिसली पाहिजे."

फोटोवाला म्हणाला. माझ्या मुलीच्या वयाचा असेल. त्याला कुणीतरी सांगितलं, त्याने मला सांगितलं.

मी स्टेजवर एका पाटावर बसले होते. अंगावर ठिगळ लावलेलं लुगडं. समोर गोल टेबलं, त्यांवर पांढरी कापडं, टेबलांभोवती जळगाव-धुळ्याची बडी मंडळी. माझ्या डोक्याच्या वर एक चौथरा केलेला. चौथऱ्यावर शेठ उभे. शेठच्या हातात पितळी तांब्या. त्यांच्यापासून माझ्या तोंडापर्यंत पत्र्याची एक पन्हळ उतरत आलेली. तिला झेंडूची माळ घातली होती.

ती पन्हळ माझी. माझ्या मायने मला दिलेली.

कार्यक्रम होता निधी गोळा करण्याचा. आमच्या लोकांनी, म्हणजे महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बायामाणसांनी, खान्देशातल्या जिनांमध्ये आणि गिरण्यांमध्ये हाडं झिजवली, त्याचं संग्रहालय होणार होतं. पैसेवाल्यांनी एकेक टेबल विकत घेतलं होतं. जेवण होतं, सत्कार होते. मला श्रमगौरव पुरस्कार होता. जन्मात पहिल्यांदा कुणी मला काही देत होतं. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले होते.

आता पन्हळीचं सांगते.

चोपड्याला एक जिन होती. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, त्याला आमच्याकडे जिन म्हणतात. माझी माय तिथे कवडी वेचायची. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. शाळा सुटली आणि मीही तिच्या शेजारी जाऊन बसले. दिवसभर रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत. नाकात जात, घशात चिकटत. तिथली तहान साधी नसायची. घसा आतून खरवडून निघायचा.

आवारात निंबाखाली ओटा होता, ओट्यावर रांजण. बाकीच्या बाया ओट्यावर चढून पाणी घेत. आम्ही चढायचं नाही. आमच्यासाठी ओट्याच्या कडेला ही पन्हळ टेकवलेली असे. वरून पाणक्या पाणी सोडायचा. खाली आम्ही उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची, प्यायचं. पाण्याच्या धारेवरून विटाळ वर चढतो असं त्यांचं शास्त्र. म्हणून पन्हळ चांगली लांबलचक केली होती.

सुट्टीत मालकांचा मुलगा यायचा. माझ्याच वयाचा. त्याला करमायचं नाही. मग पाणक्याच्या हातातून तांब्या घ्यायचा आणि आम्हाला पाणी पाजायचा. पाजायचा कसला. धार सोडायचा आणि आमचं तोंड ओंजळीला लागलं की थांबवायचा. पन्हळ इकडे सरकवायचा, तिकडे सरकवायचा. तहानेने माझी ओंजळ तिच्यामागे फिरायची. तो हसायचा, मग ओट्यावरचे सगळेच हसायचे. एकदा मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्याने तांब्यातलं पाणी माझ्या देखत मातीत ओतलं. त्या दिवशी कामावरून सुटेपर्यंत मला कुणी पाणी दिलं नाही.

घरी जाताना माय म्हणाली, "पानी पेतांना वर देखू नको, पोरी. खाले मान घाल, पी ले नि ऊठ."

मला तिचा फार राग आला. वाटलं, आपली माय भित्री. पण पुढे जिन बंद पडली, सामान भंगारात निघालं, तेव्हा हीच माय भंगारवाल्याशी हुज्जत घालून ही पन्हळ घरी घेऊन आली. पाणी भरायला तिने ती कधी वापरली नाही. दाराआड उभी करून ठेवली. आलागेला विचारायचा, हे काय गं? ती उत्तर द्यायची नाही. शेवटच्या आजारात मला जवळ बोलावून म्हणाली, "हाई जपी ठेव. आसं काही नव्हतंच, आसं कोनी म्हनी, ते त्याले दखाड."

म्हणून मी पन्हळ संग्रहालयाला दिली. दाखवण्यासाठीच दिली.

संग्रहालय समितीचे सचिव जळगावात, पिंप्राळ्याला आमच्या घरी आले होते. निवृत्त प्राध्यापक, बोलायला गोड. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी पन्हळ दोन्ही हातांनी उचलली, डोळ्यांना लावली. मी त्यांना सगळं सांगितलं. ओटा, रांजण, पाणक्या, सगळं. म्हणाले, "आक्का, हेच तुम्ही लोकांसमोर सांगायचं." मग माझ्या मुलीकडे वळले. ती इतिहासात एम. ए. आहे. कित्येक वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, नाहीतर हरी हरी. सर तिला म्हणाले, "संग्रहालय सांभाळायला आम्हाला तुमच्यासारखंच माणूस हवंय." त्या आठवड्यात मुलगी घरात गुणगुणत होती. फार दिवसांनी ऐकलं मी तिला गुणगुणताना.

मी स्वयंपाकघरात भाषण म्हणून बघायची. मुलगी चुका काढायची.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी आली. गाडी आली तेव्हाच मला शंका यायला हवी होती, आमच्यासाठी कुणी उगाच गाडी पाठवत नाही. हायवेवरच्या समारंभाच्या लॉनवर उतरले तर एक मॅडम मला खोलीत घेऊन गेल्या. मी जयंतीला नेसते ती पांढरी साडी नेसले होते. मॅडम म्हणाल्या, "पांढरी नको, आक्का. स्टेजवर उठून दिसत नाही." आणि पिशवीतून लुगडं काढलं. कोरं करकरीत लुगडं. त्याला मुद्दाम एक ठिगळ शिवलेलं. माझी माय घरात कितीही फाटकं नेसली तरी चारचौघांत ठिगळ दिसू देत नव्हती. हे मी मॅडमना म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पुरस्काराची हौस अजून बाकी होती.

बाहेर आले. एका बाजूला जेवणाची मांडणी, त्यावर पाटी, 'कामगारांची न्याहारी'. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. बोटभर भाकरीचे तुकडे करून केळीच्या पानावर ठेवलेले. लोक चमच्याने ठेचा घेत होते आणि किती छान म्हणत होते. मला तिथे उभं राहवेना. 

सर घाईघाईने आले. "आक्का, भाषण आता नको. वेळ कमी आहे. त्याऐवजी एक हृद्य क्षण ठेवलाय."

"कसला क्षण?"

"स्टेजवर कळेलच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताईंच्या नोकरीचं काम झाल्यातच जमा आहे. शेठची सही तेवढी राहिली."

कोण शेठ ते विचारलं, तेव्हा मला कळलं की संग्रहालयाला सगळ्यात मोठी देणगी कुणाची आहे. चोपड्याच्या जिनवाल्यांची. म्हातारे मालक तर कधीच गेले. आता शेठ म्हणजे तो मुलगा.

स्टेजवर चौथरा होता. चौथऱ्यावर रांजण. खाली पाट. जिनमधला ओटाच उभा केला होता. मुलगी बाजूला उभी होती, गळ्यात समितीचं ओळखपत्र. तिने चौथरा बघितला, पन्हळ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. आणि मान खाली घातली. त्या क्षणी मला तिच्यात माझी माय दिसली. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

निवेदिकेचा आवाज गोड होता. "त्या काळी मालक स्वतःच्या हाताने कामगारांची तहान भागवत. असा जिव्हाळा आता कुठे राहिलाय? तोच क्षण आज आपण पुन्हा अनुभवणार आहोत."

टाळ्या.

मी पाटावर बसले. मला कुणी ढकललं नाही. गुडघे आपोआप दुमडले, हात आपोआप जुळले. साठी उलटलेली बाई मी, पण अंग जिनमधल्या त्या पोरीसारखं वागलं. इतकी वर्षं मी जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देत होते, आणि अंगाला अजून पत्ताच नव्हता. फोटोवाल्याने अजून खाली वाकायला सांगितलं. मी वाकले.

शेठ चौथऱ्यावरून माझ्याकडे झुकले. माईक लांब होता. ते हळूच म्हणाले, "तुझी ओंजळ अजून तशीच आहे. पन्हळीमागे कशी फिरायची, आठवतं?"

आणि हसले. तेच हसू.

आजवर मी मनाची समजूत घालत आले होते की ह्या लोकांना माहीतच नाही. लहान होते, विसरले असतील. कुणी नीट सांगितलं तर समजेल त्यांना, लाजही वाटेल. म्हणून तर भाषण पाठ केलं होतं. पण ह्या माणसाला सगळं आठवत होतं. त्याने ते जपून ठेवलं होतं. मायने पन्हळ पुरावा म्हणून जपली, आणि ह्याने ती मजा म्हणून जपली. आता पैसे देऊन, माळ घालून, टाळ्या घेऊन त्याला तो खेळ परत खेळायचा होता. आणि उद्या संग्रहालयात शाळेतल्या पोरांना काय सांगतील? मालक प्रेमाने पाणी पाजत. मायची पन्हळ मायच्याच विरुद्ध साक्ष देईल.

पाणी आलं. थंड होतं.

मी ओंजळ उघडली. पाणी लुगड्यावर सांडलं, पाटावर सांडलं. फोटोवाला "आक्का, आक्का" करत राहिला. मी मान वर केली आणि त्या माणसाकडे बघितलं. या वेळी तो पाणी मातीत ओतून मला शिक्षा करू शकत नव्हता. मी उठले. झेंडूची माळ काढून पाटावर ठेवली आणि पन्हळ खेचून घेतली. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मी माईकपाशी गेले. म्हणाले, "ही पाणी पाजायची पन्हळ नाही. आम्हाला शिवू नये म्हणून लावलेली पन्हळ आहे. हा वर उभा राहायचा आणि तहानलेल्या पोरीशी खेळायचा. आत्ताही तेच करत होता."

माईक बंद झाला. बाजूने गाणं लागलं. पण जिनमध्ये यंत्रांच्या घरघरीवरून हाका मारण्यात माझी जवानी गेली. मला माईक लागत नाही. तेच वाक्य मी पुन्हा म्हटलं, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं.  काही जण ताटाकडे बघत बसले.

"ते खाली ठेव," शेठ म्हणाला.

सर माझ्या कानाशी आले. "आक्का, मुलीचा तरी विचार करा."

केला. तोच एक विचार होता. माझ्यामुळे तिचा घास तोंडापाशी येऊन पडणार होता, हे मला दिसत होतं. पण मी आत्ता प्यायले असते तर तिने रोज त्या संग्रहालयात उभं राहून ते खोटं सांगितलं असतं. पगार घेऊन, मान खाली घालून. मायने मला जे शिकवलं तेच मी तिला शिकवलं असतं.

मी तिच्याकडे बघितलं.  ती स्टेजवर आली, गळ्यातलं ओळखपत्र काढून पुरस्काराच्या ट्रॉफ्यांशेजारी ठेवलं, आणि पन्हळीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघी टेबलांमधून बाहेर पडलो. लोक पन्हळ लागू नये म्हणून अंग चोरत होते. अंगावर त्यांचंच ठिगळाचं लुगडं होतं. माझी पांढरी साडी खोलीतच राहिली.

रिक्षात पन्हळ दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. पिंप्राळा येईपर्यंत मुलगी ती हाताने धरून बसली होती. मग म्हणाली, "मला ती नोकरी हवी होती, माय."

"माहीत आहे," मी म्हटलं. 

त्यानंतर सरांचे फोन आले. आधी गोड, मग कमी गोड. ती वस्तू आता समितीची आहे, पोलिसांत जावं लागेल, वगैरे. कॉलेजने मुलीला कळवलं की या सत्रात तासिका नाहीत. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. एक माणूस मोटारसायकल घेऊन समोरच्या दुकानापाशी उभा राहतो. काही घेत नाही, कुणाशी बोलत नाही. आमच्या दाराकडे बघत असतो. शेजारीण म्हणते, "आक्का, कसाले वाद वाढवतीस? देई टाक." तिचंही बरोबर आहे. तिला इथेच राहायचंय. मलाही भीती वाटते. मुलगी बाहेर गेली की ती परत येईपर्यंत मी दारातच उभी असते.

पण पन्हळ मी दाराआड ठेवलेली नाही. ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून टांगली आहे. येणारा जाणारा विचारतो. माय उत्तर द्यायची नाही, मी देते. वर कोण होतं, खाली कोण होतं, नाव घेऊन सांगते. मुलगी गल्लीतल्या पोरांना गोळा करून सांगते. तिला आता कुणी तास द्यायची गरज नाही.

काल निरोप आला. शेठ स्वतः येणार आहे, समोरासमोर बसून मिटवायला.

येऊ दे. दारात आलेल्याला पाणी विचारायची आमची रीत आहे, ती मी मोडणार नाही. माझ्या माठातलं पाणी माझ्या हाताने ग्लासात भरून त्याच्यापुढे धरीन. तो घेतो की नाही, ते मान वर करून बघीन. पन्हळ मात्र देणार नाही.