नाकाखालचा आरसा

पुण्याहून निघाले तेव्हा पिशवीत दोन पातळे, छापील तक्ते आणि तळहाताएवढा आरसा होता. आरसा पाहून शेजारच्या बाई म्हणाल्या, "मुंबईला नटायला निघालात वाटतं?" मी नुसती हसले. हा आरसा नाकाखाली धरायचा असतो हे गाडीत कुणाकुणाला सांगत बसू?

काम असे होते. मुंबईच्या वेगवेगळ्या वस्त्यांतली मराठी माणसे स्वर कसे उच्चारतात ते टिपायचे. जीभ वर की खाली, पुढे की मागे, ओठ गोल की पसरट, हे पाहून प्रत्येक स्वराला ठरलेले चिन्ह द्यायचे. स्वर लांबवताना नाकाखालचा आरसा धुरकटला, तर हवा नाकातूनही येते आहे असे समजून चिन्हावर नागमोडी रेघ काढायची. तक्त्याचा शेवटचा रकाना होता 'उच्चारदोष'. तो आमच्या ध्वनिशास्त्राच्या सरांनी स्वतः आखलेला, आणि मी त्यांची हंगामी मदतनीस.

गिरगावात मामांकडे उतरले. मामांनी सकाळीच कोट चढवला आणि कीर्तनाला उभे राहिल्यासारखा 'आ' लावला. असला 'आ' काय कामाचा? चहाला उशीर झाला म्हणून मामीवर ओरडले, तेव्हाचा मी गुपचूप टिपला.

तिसऱ्या दिवशी ट्रामने लालबागला गेले. भिंतीभिंतींवर गेरूने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' लिहिलेले. हवेत कापसाचे तंतू आणि मासे तळल्याचा वास. तिथे मामांच्या ओळखीच्या तानीबाईंची खानावळ आहे. कोकणातून आलेले गिरणीकामगार तिथे दोन वेळ जेवतात. मी आरसा काढताच तानीबाई म्हणाल्या, "आधी जेव गो बाय. उपाशी माणसाक काय सुचता?"

मासे खात नाही म्हटल्यावर पानात काळ्या वाटाण्यांचे सांबार (वाटलेल्या खोबऱ्याची उसळ) आणि सोलकढी आली. सांबार इतके जहाल, की माझ्यासकट सगळ्या पंगतीची नाके वाहू लागली. वाहत्या नाकाखाली आरसा धरून उपयोग नसतो. तासभर बसून राहावे लागले.

त्या तासात तानीबाईंची मुलगी सुलोचना बोलू लागली. ती सातवीची फायनल पास, शिक्षिकेचे ट्रेनिंगही झालेले. पण दादरच्या एका शाळेने तिला सांगितले होते, तुम्ही नाकातून बोलता, मुलांना कळणार नाही. जाणकाराचा लेखी अभिप्राय आणलात तर सोमवारी फेरविचार करू.

"ताई, तुम्ही जाणकारच ना?" तिने विचारले. मी नुसती मदतनीस, तरी आरसा पुसायला घेतला.

मी तिच्या नाकाखाली आरसा धरला. तोंडाची वाफ लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा. 'खंय' (कुठे) आणि 'हंय' (इथे) यांतले स्वर तिने लांबवले, आरसा धुरकटला. मग 'काय', 'भाकरी'. आरसा लख्ख! पुन्हा केले, पुन्हा तेच. म्हणजे नाकाची वाट ती हवी तिथेच उघडत होती. दोष असता तर सगळेच स्वर नाकातून आले असते.

तरी माझी पेन्सिल सरांच्या रकान्याशी अडली. तानीबाई बघत होत्या. म्हणाल्या, "मोर्चात ओरडाक आमचो आवाज चालता. शाळेत शिकवूक नाय चालणा? मुंबय व्हयी आणि आमचा तोंड नको?"

मला राग आला, आणि तो आधी स्वतःचा आला. पुण्यात आम्ही शब्दांच्या डोक्यावर अनुस्वार देतो आणि बोलताना गिळतो. इथे तो तोंडात जिवंत आहे, तर त्याला दोष म्हणायचे! मी रकाना कोरा ठेवला, वेगळ्या कागदावर स्वच्छ अभिप्राय लिहिला आणि खाली सही ठोकली.

सोमवारी सुलोचनेबरोबर दादरला गेले. हेडमास्तरांनी कागद दोन बोटांत धरला. "तुम्ही मदतनीसच ना?"

"हो. विश्वास नसेल तर स्वतः पाहा," म्हणून मी आरसा पुढे केला.

"हं," ते म्हणाले.

"पुन्हा म्हणा," मी आरसा थेट त्यांच्याच नाकाखाली धरला. मला एवढे धाडस कुठून आले, देव जाणे.

"हं?" ते चकित होऊन म्हणाले. आरसा धुरकटला. दारातल्या शिपायाने तोंड फिरवले.

"हा तुमचा दोष नाही," मी म्हटले. "तिचाही नाही."

त्यांनी कागद खणात ठेवला. "कळवू."

पुण्यात परतले. सरांनी तक्ते चाळले. "लालबागचा शेवटचा रकाना कोरा?"

"भरण्यासारखं काही सापडलं नाही, सर."

"महिनाअखेरपर्यंत भरा. नाहीतर दुसरी मदतनीस पाहावी लागेल."

नोकरी मला हवी आहे, खोटे कशाला बोलू? पण मुंबई आपली म्हणायची आणि तिच्या तोंडाला नावे ठेवायची, हे मला यापुढे जमणार नाही.

काल सुलोचनेचे कार्ड आले. 'ताई, चौथीचा वर्ग मिळाला. पहिल्या दिवशी हजेरी घेतली. एकेचाळीस नावं. कुणालाही दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही.'

ते कार्ड मी लालबागच्या तक्त्याला, बरोबर त्या कोऱ्या रकान्यावर टाचले आणि सरांच्या टेबलावर ठेवून आले.