ग्रीसची पाहुणी आणि कालव्याकाठचा जिना

लेकीच्या शाळेची इमेल वाचून नवरा आणि मी जरा गडबडलोच. ग्रीसमधल्या एका शाळेची मुलं आठवडाभर ॲमस्टरडॅम बघायला येणार होती आणि त्यांतली एक मुलगी आमच्याकडे, शहराजवळच्या आल्मेरे गावात, राहणार होती. पुढे वसंतात आमची लेक तिच्या घरी जाणार. लेकीनं आम्हाला न विचारताच होकार कळवून टाकला होता.

"अगं, ती हॉलंड बघायला येणार आणि आपल्या घरी उतरणार?" मी म्हटलं. "तिला वाटेल, विमान भलत्याच देशात उतरलं."

"आई, मी डचच आहे की," लेक म्हणाली, तेही डचमध्ये. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र तिच्या सोयीच्या भाषेत येतं.

पाहुणी आली ती चौदा वर्षांची, लाजरी, कुरळ्या केसांची. नवऱ्यानं आदल्या दिवसापासून मटकीला मोड आणून मिसळ केली होती. पोरीनं दोन घास खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं, तरी "छान आहे" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं तिला पावाला लोणी लावून वर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरून दिले. इथली पोरं रोज हेच खाऊन शाळेत जातात. पाहुणीनं आधी लेकीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"सकाळी सकाळी? आणि आई काही बोलत नाही?"

त्यानंतर आठवडाभर तिनं दुसरं काही मागितलं नाही. नवरा दोन दिवस खट्टू होता. मी मात्र सुटकेचा निःश्वास सोडला.

गुरुवारी जुनं शहर बघायचं होतं आणि सोबत एक पालक हवा होता. मी रजा टाकली. कित्येक वर्षं रोज ट्रेननं मी ॲमस्टरडॅमला ऑफिसला जाते, पण मला ठाऊक ते स्टेशन, मेट्रो आणि कॅन्टीन. कालव्यांच्या काठानं निवांत मी कधी चाललेच नव्हते. एकमेकांना टेकून उभी असलेली ती अरुंद, कललेली घरं मी पोरांइतकीच तोंड उघडं टाकून बघत होते.

त्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घराचं आता संग्रहालय झालंय. आत जिना कसला, लाकडी शिडीच ती. वर माळ्यावर गेलो, तर छपराबाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा. सामान जिन्यावरून चढत नाही म्हणून बाहेरून दोरानं वर ओढायचे, असं शिक्षिकेनं सांगितलं. मग पोरं धडाधड खाली पळाली. मी वळून पाहिलं, तर पाहुणी जिन्याच्या तोंडाशी कठड्याला घट्ट धरून उभी. चेहरा पांढराफटक.

"मला नाही उतरता येणार," ती इंग्रजीत पुटपुटली. "चढताना खाली बघितलं नव्हतं."

खालून शिक्षिकेची हाक आली. "येतोच आम्ही," असं मी ओरडून सांगितलं खरं, पण खाली डोकावल्यावर मीही कठडा धरला. नव्यानं या देशात आलो तेव्हा आम्ही असल्याच एका जिन्याच्या घरात भाड्यानं राहायचो. लेक पोटात असताना मी रोज बसून उतरायचे, आणि ती झाल्यावर तिला मांडीवर घेऊन.

"बसून जाऊ या," मी म्हटलं. "मी पुढे, तू माझ्या मागे. पाय माझ्या खांद्याशी ठेव."

"बसून? सगळ्यांसमोर?"

"इथं आपल्याला कोण ओळखतंय?"

आम्ही बसलो. एक पायरी सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. वळणावर खालून चढू पाहणारे चार-पाच पर्यटक खोळंबले होते. त्यांच्यातून वाट काढत माझी लेक वर आली आणि आम्हाला पाहून जागीच थबकली.

"आई, लोक बघतायत!" हे मात्र तिनं मराठीत म्हटलं, कुणाला कळू नये म्हणून.

"बघू देत. ही घाबरलीये."

तिनं माझ्या खांद्यावरून पाहुणीचा चेहरा पाहिला. आता खूप काही ऐकावं लागणार असं मला वाटलं होतं. पण ती पाठमोरी झाली आणि माझ्या खालच्या पायरीवर बसली. मागे हात करून तिनं पाहुणीचा बूट पकडला. तिघी एकामागून एक खाली सरकू लागलो. वळण ओलांडताना पाहुणीला अचानक हसू फुटलं, मग लेकीला, आणि शेवटच्या पायऱ्यांवर मला हसता हसता दम लागला. खोळंबलेल्या एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर दोघींनी तो प्रसंग नवऱ्याला जमिनीवर बसून करून दाखवला, त्यात सगळ्यात जास्त घाबरलेली मी होते.

शनिवारी शाळेच्या आवारातून त्यांची बस निघाली. पाहुणीनं मला इतकी घट्ट मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. लेक बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

दुपारी तिच्या खोलीत पाहुणीसाठी जमिनीवर घातलेली गादी मी गुंडाळायला घेतली.

"आजच्या दिवस राहू दे ना," ती म्हणाली.

मी उशी झटकून पुन्हा जागेवर ठेवली.