मामांच्या कमरेचे दोन करदोडे

जगात जे काही बिघडतं ते कुणीतरी केबल ओढल्यामुळंच बिघडतं, असं आमचे मामेसासरे मानतात. संसार, सोसायट्या, सरकारं, सगळं त्यात आलं. तलवाड्याच्या सहकारी पाणीपुरवठा सोसायटीची मोटार त्यांनी हयातभर चालवली. दुष्काळात नदी आटली, सोसायटी बंद पडली; तरी मामा रोज सकाळी पंपघरात जाऊन स्टार्टर फडक्यानं पुसतात. "उद्या पाणी आलं तर मोटारीनं का म्हून रुसावं?"

मी सातवीतून शाळा सोडलेला, साखर कारखान्यावर पोती वाहणारा हमाल. मणका गेला, ऑपरेशन झालं, तरी पायातली आग काही जाईना. शेवटी पुण्याच्या दवाखान्यात पाठीत बारीक वायर घातली आणि कमरेच्या मागं कातडीखाली बॅटरी बसवली. तिच्या हलक्या करंटनं कळ दबते. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाहीतर वायर सरकेल. आणि जखम चिघळली तर मशीन काढावंच लागेल. दवाखान्याच्या मदत फंडातून एकदा मिळालेली वस्तू, दुसऱ्यांदा कोण देणार? घरची सगळी ऊसतोडीला गेलेली, म्हणून मामा मला तलवाड्याला घेऊन आले.

आल्याआल्या त्यांनी माझ्या गळ्यात वासराची घंटी बांधली. वाकलो की वाजायची, आणि मामा असतील तिथून ओरडायचे, "जावईबापू, केबल!" टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची आणि मी घंटी घालून ओट्यावर ताठ. शेजारच्यानं एकदा टोमणा मारला, "मामा, जावई पूजेला बसवलाय काय?" मामा म्हणाले, "बे, तुझ्या घागरीपायी त्याची वायर सरकली तर तू पाठ देतो का तुझी?" घरात तांब्याभर पाण्यात अंघोळी चालायच्या, पण माझी जखम बघण्याआधी मामा साबण लावून दोनदा हात धुवायचे. मग पाठीला कान लावून मशीनचा आवाज ऐकायचे. त्याला आवाज नसतो, हे मी रोज सांगायचो.

तिसऱ्या आठवड्यात आईनं फडावरून एका पाहुण्याच्या हाती काळा करदोडा पाठवला. आधीचा ऑपरेशनच्या वेळी कापला होता. पोराची कमर मोकळी म्हणून तिला झोप नव्हती. मी गुपचूप बांधला. दोन दिवसांनी मामांना जखमेशेजारी लाल चट्टा दिसला. दोरा नेमका बॅटरीवर घासत होता.  शेजारणीनं हळद आणली; मामांनी ती दारातूनच परत पाठवली. त्यांनी करदोडा कापला, गाठ मारली आणि स्वतःच्या करदोड्यावर बांधला. "आईला सांगा, कमरंलाच हाय. कुणाच्या, ते सांगू नका." त्याच पावली आम्ही एसटीत बसलो.

डॉक्टरांनी बघितलं, दाबलं. फक्त कातडी सोलली होती, आत काही गेलं नव्हतं. वेळेत आलात, म्हणाले. मशीन राहिलं. मी रडलो तर मामा म्हणाले, "हलू नका, केबल हाय."

आता मी सुरतेला वॉचमन आहे, आठ तास उभा राहतो. जखम कधीच भरली. मागच्या दिवाळीला मी करदोडा परत मागितला. मामांनी सदऱ्यावरून कमर चाचपली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आता एकानं मला मोकळं मोकळं वाटंल." आई अजून फोनवर विचारते, करदोडा आहे ना रे? मी आहे म्हणतो. खोटं नाही ते. इथं गेटवर उभं असताना हात आपोआप कमरेवर जातो, आणि दूर कोरड्या नदीकाठी स्टार्टर पुसणाऱ्या मामांची ती दोन करदोड्यांची कमर मला दिसते.