नुसतं नाव घाला

फौजी कधी भाव करत नसे. माझ्यासारख्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. कल्याणात दुसऱ्याच्या दुकानाबाहेर फूटपाथवर बसून मी छन्नीने भांड्यांवर नावं घातली, आणि घासाघीस करत करत आंबिवलीत स्टेशनजवळ स्वतःचं भांड्यांचं दुकान केलं. गिऱ्हाईक भांडलं की मला बरं वाटतं. हा मात्र सांगेन ते देई. एकदा मी मुद्दाम दीडपट सांगितलं, तरी त्याने नोटा काढल्या. शेवटी मीच चिडून जास्तीचे त्याच्या खिशात कोंबले. "शेठ, तुम्हीच सांगता, तुम्हीच भांडता," तो म्हणाला. "मग मी काय करायचं?" त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दुकानामागच्या चाळीत त्याची खोली. गाव साताऱ्याकडचं. बापही फौजेत होता, तिथेच गेला. घरी म्हातारी आई, बायको सुनंदा आणि पहिलीतली मुलगी.

दर सुट्टीत, निघायच्या आदल्या दिवशी, तो एक भांडं घेई आणि त्यावर बायकोचं नाव घालायला लावी. सौ. सुनंदा, खाली महिना-साल. मशीन चालू असेपर्यंत पायरीवर उभा. बस म्हटलं तरी बसायचा नाही, आणि रस्त्याकडे पाठ तर कधीच करायचा नाही. सुनंदावहिनी म्हणत, आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते सोडा, हे घरी किती वेळा आले ते फळीवरची भांडी मोजून सांगते.

शेवटच्या खेपेला वीस दिवसांची रजा होती. छत गळत होतं, ते पावसाआधी करून घ्यायचं होतं. चौथ्याच दिवशी बोलावणं आलं. सीमेवर सुरू झालं होतं. दुपारी तो दुकानात आला तेव्हा पाठीवर बॅग. तांदळाचा मोठा डबा उचलून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "शेठ, यावेळी सौ. नको. नुसतं नाव घाला."

माझं डोकंच फिरलं. माझ्या दुकानात असलं अभद्र बोलायचं नाही, म्हणून मी ओरडलो. त्याने आवाज चढवला नाही. बाप गेला तेव्हा चुलत्यांनी आईची सगळी भांडी गोणीत भरून माळ्यावर चढवली होती. सगळ्यांवर सौ. होतं ना. शेजारून मागून आणलेल्या पातेल्यात आईने भात शिजवला, ते त्याने लहानपणी पाहिलं होतं.

"सुनंदाला भांडी लपवायला लागू नयेत," तो म्हणाला. "बाकी मला काही नको."

बरं, म्हटलं. तो आईची औषधं आणायला समोर गेला आणि मी मशीन लावलं. सौ. सुनंदा. अक्षर नेहमीपेक्षा मोठं. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने करकचून बांधला. त्याला तो घरी टाकून कल्याण गाठायचं होतं, उघडून बघायला वेळ नव्हता. मला वाटलं, जिंकलो.

मग ते दिवस. वहिनी रोज काहीतरी घ्यायला यायच्या. आज चमचा, उद्या झाकण. खोलीत फोनला रेंज मिळत नसे, दुकानाच्या पायरीवर मिळे. फोन काही वाजत नसे. मी दुकानातला टीव्ही बंदच ठेवला होता. एकदा कुकर घ्यायला आलेला माणूस त्यांच्यादेखत सांगू लागला, आता थांबायचंच नाही, पार आत घुसायचं. मी त्याच्या हातातला कुकर काढून घेतला. म्हटलं, तू जाऊन ये आधी, मग देतो. भवानीही झाली नव्हती. वहिनी हातातलं झाकण फिरवत होत्या. "हे बसायचं नाही बहुतेक," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

लढाई थांबली म्हणून स्टेशनबाहेर पेढे वाटत होते, तेव्हा चाळीत बातमी आली. तो आदल्या दिवशी गेला होता.

सगळी आंबिवली लोटली. फ्लेक्स लागले, त्यांवर त्याच्याहून मोठे फोटो दुसऱ्यांचेच. एक मी फाडला. पण त्याच्या घरात जायचं मला धाडस झालं नाही. डबा ओट्यावर असणार, भेटायला येणारी प्रत्येक बाई त्यावरचं वाचणार, आणि ते मी घातलं होतं. त्याने नको म्हणून सांगितलेलं असताना.

तेराव्यानंतर वहिनी दुकानात आल्या, हातात गोणी. मी काही न विचारता घासायचं मशीन काढलं. म्हटलं, द्या, सौ. काढून टाकतो, खूणसुद्धा राहणार नाही.

त्यांनी गोणी उघडली. आत जुनी पितळी भांडी, काळी पडलेली. प्रत्येकावर सौ. लक्ष्मीबाई. सासूबाईंची.

"आईंनी गावच्या माळ्यावरून काढून आणायला लावली," वहिनी म्हणाल्या. "म्हणाल्या, माझी वर गेली तेव्हा मी गप्प बसले. तुझा डबा ओट्यावरून हलवायचा नाही. या भांड्यांना तुम्ही फक्त उजाळा द्या. अक्षर झिजू देऊ नका."

मला एकच विचारायचं होतं. त्याने डबा पाहिला होता का?

"घरात आल्या आल्या सुतळी तोडली. बघितलं आणि हसत सुटले. म्हणाले, शेठला सांग, आलो की भांडायला येतो."

मी मशीन बाजूला ठेवलं. घरून चिंच मागवली आणि पायरीवर बसून एकेक भांडं हाताने घासत राहिलो. रस्त्याकडे तोंड करून.