गाठ माझ्या मानेत हाय

डॉक्टरनं हात लावला न्हाई. पेनाच्या टोकानं माझी हनुवटी वर केली आन् मानेतल्या गाठी लांबूनच बघितल्या.

सांगलीतला मोठा दवाखाना. मी माधवनगरात मागावर सुताच्या कांड्या भरते. लुगड्याला सूत चिकटलेलं. ते त्यानं बघितलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून खुर्ची मागं सरकवली.

"तुमच्या वस्तीत स्वच्छता नसते," म्हणाला. मग माझ्या नवऱ्याला विचारलं, "हिला कधीपासून आहे?"

मी तिथंच बसलेली. तोंड असलेली.

मग मला भाईर काढलं. नवरा आत थांबला. दार लागलं.

भाईर आला तवा त्याची नजर खाली. "काय म्हणाला डॉक्टर?" मी विचारलं.

"काय न्हाई. साधं हाय. गाठीचा तुकडा काढून तपासायचा."

साधं हाय, तर तुकडा कशाला? असलं 'साधं' मी आधी बी ऐकलेलं. माझ्या आईच्या काखेत गाठी होत्या. माहेरी आटपाडीच्या डॉक्टरनं तिला सांगितलं, उष्णतेच्या हायत. भावाला खरं सांगितलं, कॅन्सर हाय म्हणून. सगळ्या घराला ठावं होतं. आई मरताना बी विचारत होती, मला झालंय तरी काय?

तुकडा काढला. घरात कुजबुज सुरू झाली. मी आले की गप्प. सासूनं माझं ताट-तांब्या येगळा ठेवला. धाकटी लेक माझ्या मांडीवर बसली, तर जावंनं उचलून नेली. म्हंजी सगळ्यांना काहीतरी ठावं होतं. मलाच न्हवतं. रातीला मानंवर हात फिरवायची आन् नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची. ह्यो माणूस काय लपवतोय?

रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले. नवऱ्याला सांगितलंच न्हाई.

डॉक्टरनं कागद वाचला, घडी घातली. "मिस्टरांना पाठवून द्या."

"मला सांगा."

"तुम्हाला नाही कळणार, बाई."

"मराठीत सांगा. कळंल."

त्यानं घंटी वाजवली. नर्स आली, माझा दंड धरला. "उठा, भाईर लय पेशंट हायत."

 मी टेबलाची कड घट्ट धरली. "गाठ माझ्या मानेत हाय. मिस्टरांच्या न्हाई. कॅन्सर हाय का? व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

दारात माणसं जमली. डॉक्टरनं ते बघितलं आन् बोलला.

"कॅन्सर नाही. गाठीचा टीबी आहे. औषधानं बरा होतो."

"लेकराला लागंल?"

"गाठीचा सहसा नाही लागत. छातीत आहे का, ते एक्स-रे काढून बघू."

बस. येवढंच होतं. येवढ्यासाठी माझी लेक माझ्यापासनं तोडली.

तरी माझा इश्वास बसला न्हाई. तोच रिपोर्ट घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईला तेच विचारलं. तिनं बोटांनी गाठी चाचपल्या आन् तेच सांगितलं. एक्स-रे बी साफ निघाला. तवा गोळ्या घेतल्या.

घरी नवऱ्याला विचारलं. म्हणाला, "कॅन्सर असंल म्हणाला होता. तू भ्यायची म्हणून सांगितलं न्हाई."

"मग तुमच्या आईला का सांगितलं?"



गोळ्यांनी गाठी बसल्या. माझा संशय बसला न्हाई, आन् मी बसू बी देणार न्हाई. माझ्या अंगात जे काय निघंल, ते पहिलं मला सांगायचं. माझ्या तोंडावर, माझ्या भाषेत. मरण असलं तरी.