अंजनाबाईचा सांबाराचा रस

वाडीत कोणालेही विचारा, अंजनाबाई कशी आहे म्हणून. लय चांगली बाई, म्हणतील, गर्भार बायकांले फुकट रस पाजते. मले विचाराल तं मी वेगळं सांगीन. हे मी रागातच लिहून राहिलो, राग उतरल्यावर लिहिलं तं खोटं होईल.

अंजनाबाई म्हणजे माह्या सुभद्राताईची सासू. अमरावती रोडवर गोदामांच्या मागं तिचं टिनाचं घर, अन् घराच्याच आंगणात भट्टी. ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या घ्यायच्या, घनानं फोडायच्या, आतल्या प्लेटा कढईत वितळवायच्या अन् शिशाच्या विटा पाडून विकायच्या. नवरा देवाजी गेला तेव्हा पोरगा रुपराव लहान होता, तरी तिनं एकटीनं धंदा चालवला. ट्रकवाल्यांले शिव्या घालून भाव करायची. हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. शिशानं तिच्या उजव्या हाताचा पंजा मनगटातून लोंबला आहे. गिलास दोन हातांनी धरते, तरी म्हणते वात आहे.

देवाजीले शिशानं पोटात मुरडे यायचे, जमिनीवर लोळायचा. तेव्हा तिनं सांबार वाटून त्याचा रस पाजला. सांबार म्हणजे पुणेवाल्यांची कोथिंबीर. त्याचे मुरडे काही दिवस थांबले अन् हिच्या डोक्यात बसलं, की सांबार शिसं खाऊन टाकते. त्याच वर्षी देवाजी मेला, ते मात्र डोक्यात नाही बसलं.

ताई पहिल्यांदा गर्भार होती तेव्हा त्या रसाच्या वासानंच तिले उलट्या व्हायच्या. प्याली नाही. गोपिका झाली. गोपिका आता चार वर्षांची आहे, एक शब्द बोलत नाही, हाक मारली तं वळून पाहत नाही, दिवसभर एक चप्पल छातीशी धरून बसते. अन् अंजनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, "सूनबाईनं नाटकं केले, रस थुकला, म्हणून पोट्टी अशी निघाली." ताईच्या तोंडावर सांगते. रुपरावभाऊजी बाजूले बसून बिडी ओढते.

आता ताईले परत दिवस गेले. यंदा, म्हणजे ब्याऐंशीच्या जानेवारीत मी तिले भेटायले गेलो तेव्हा सहावा महिना चालू होता, तरी ती पदर नाकाले लावून भट्टीजवळ बसली होती अन् प्लेटा झटकून राहिली होती. पांढरी राख तिच्या केसात.

"जयभीम मावशी," मी म्हणलं.

अंजनाबाईनं जयभीम घेतलाच नाही. "आला का कालेजवाला. बस. चहा भेटन, सूनबाईच्या प्लेटा झाल्यावर."

"मावशी, ताईले ह्या धुरात काहून बसवता? शिसं मायच्या रक्तातून पोटातल्या लेकराच्या मेंदूत जाते. आमच्या मॅडमनं शिकवलं."

"तुह्या मॅडमले लेकरं किती?"

"लग्न नाही झालं त्यांचं."

"मंग," ती म्हणे. रुपराव खो-खो हसला. "रोज रस पेते ना ती आता. येऊ दे शिसं, किती येते तं. सांबार बसलाच आहे त्याले खायले."

तिथं माह्या डोक्यात आग लागली. रस ताईसाठी नव्हताच गा. रस भट्टीसाठी होता. रस आहे म्हणून भट्टी हलवायची गरज नाही, रस आहे म्हणून गर्भार बाईले तिथून उठवायची गरज नाही. अन् लेकरू चांगलं झालं तं रसामुळं, वाईट झालं तं ताईमुळं.

ती विळी घेऊन उठली, रसासाठी सांबार कापायले. मी पाहिलं. भिंतीच्या कडेनं काळे डब्बे ओळीनं मांडले होते. बॅटरीचे डब्बे. प्लेटा काढून, विसळून, माती भरून त्यातच तिनं सांबार लावला होता. गच्च हिरवा.

मी रुमालात मूठभर माती घेतली.

"काय चोरून राहिला?"

"माती, मावशी."

"ने. तुह्या मायच्या घरी तेवढीही नसन."

दुसऱ्या दिवशी कालेजच्या लॅबमध्ये ती माती ॲसिडात उकळली, गाळली, पोटॅशियम आयोडाइड टाकलं. टेस्ट ट्यूबमध्ये पिवळंजर्द खाली बसलं. शिसं. मॅडम म्हणाल्या, सांबारात काही गुण असतीलही, पक्कं कोणाले माहीत नाही, पण मातीत जे असते ते पाला ओढून घेऊ शकते. मी पुढचं ऐकून घ्यायले थांबलोच नाही, बूच लावलं, नळी खिशात टाकली अन् सायकल थेट वाडीले.

"हे काय, हळद आणली का?" अंजनाबाई म्हणे.

"शिसं आहे. तुमच्या सांबाराच्या मातीतलं. रस म्हणून तुम्ही ताईले हेच पाजून राहिल्या."

अंजनाबाईनं नळीकडे पाहिलं, गोपिकाकडे पाहिलं. मंग उठली. मले वाटलं, भट्टी विझवते आता. ती गेली डब्ब्यांकडे. डाव्या हातानं सांबार उपटला, डब्बे एकेक करून लाथेनं उलटे पाडले. "रुप्या, कुंभाराकडून मडके आन. नदीची माती आन." मंग ताईकडे वळली. "नवा सांबार येतवरी रस नाही भेटनार तुले. तवरक प्लेटा जरा दुरून झटक."

ताईच्या हातातली प्लेट हातातच राहिली. "आत्याबाई, सांबार हलवला. भट्टी?"

"भट्टी कुठं हलवू वं? भट्टीवर तं जेवतो आपन."

ताईनं प्लेट खाली ठेवली. नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, लय वेळ. मंग गोपिकाले कडेवर घेतलं, तिची चप्पल घेतली अन् फाटकाकडे चालू लागली. रुपराव तेव्हा कुठं बोलला, "चहा तं ठेवून जाय."

तेव्हापासून ताई नंदनवनात, शहराच्या दुसऱ्या टोकाले, आमच्याकडे आहे.

मागच्या आठवड्यात अंजनाबाई आली. दोन बस बदलून आली असन. हातात सांबाराची जुडी, ओल्या फडक्यात बांधलेली. "नदीच्या मातीतला होय," ती ताईले म्हणे. "पाहून घे तुह्या भावाच्या नळीत. अन् चाल घरी."

"मडके कुठं ठेवले, आत्याबाई?"

"आंगनात. अजून कुठं?"

"अन् भट्टी?"

"ती बी आंगनातच."

"मंग मी इथंच आहो."

"लेकरू माह्या रुप्याचं होय, ध्यानात ठेव."

"गोपिकाही त्याचीच होय," ताई म्हणे.

जुडी भिंतीवर ठेवून अंजनाबाई वळली. फाटकाची कडी काढायले उजवा हात लावला, पंजा लोंबला, कडी हलली नाही. परत लावला. मी जागचा उठलो नाही, मले उठायचं नव्हतं. ताई पोट सांभाळत गेली, कडी काढून दिली, अन् ती बाहेर पडल्यावर आतून लावून घेतली.